वेणूचा तपस्वी : पन्नालाल घोष

आपल्या बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. रट्ट राजांच्या काळातील शिलालेखांतून ते नाव येते. किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ च्या सुमारास उभी राहिली, तेव्हा हे गाव त्याच नावाने ओळखले जात होते. वेणू म्हणजे कळक, आणि वेणू म्हणजेच बासरीही. कळकांच्या बेटांचे हे गाव. आजही खानापूरच्या पुढे जंगलात शिरलात की दोन्ही अंगांना ही बेटे दिसतात. आमच्या कानडी मित्रांची 'कोळलू' आणि आपली 'बासरी' यांची नावे निराळी, पण पोथीत दोघांचीही 'वेणू'च होते.

ज्या गावाचे नावच वेणूवरून पडले, त्या गावाच्या परिसरात बासरीला मैफलीत मान कधी होता? आपला हा प्रदेश गायकांचा. सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. धारवाड-हुबळीकडे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल झाले. पण बासरी म्हटली की आठवे ते धनगराच्या पोराच्या हातातील पावा, नाही तर जत्रेत काठीला टोचून विकायला आणलेली रंगीत बासरी. मैफलीत तिला जागा मिळालीच, तर ती नृत्याच्या किंवा नाटकाच्या साथीत. हे चित्र बदलले ते एका माणसामुळे. तो माणूस बंगालचा, पण त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे मुंबईत गेली. त्याचे नाव पन्नालाल घोष. या लेखात त्यांचे चरित्र सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. मी संगीताचा पंडित नाही. परंतु त्यांच्याशी माझे एक घरगुती नाते आहे. ते नाते कोणते, हेही ओघाने येईलच.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत कामाला होते. दिवसभर तंबाखू चाळायची, पोती भरायची, आणि रात्री गल्लीतल्या भजनात बासरी वाजवायची, हा त्यांचा क्रम. बासरी वीतभराहून थोडी मोठी, जत्रेत घेतलेली. एके दिवशी संध्याकाळी चहाच्या हॉटेलातील रेडिओवर त्यांनी मारवा ऐकला. वाद्य कोणते, हे आधी त्यांना ओळखूच येईना. बासरी म्हणावी तर इतका खोल आवाज बासरीचा कसा? शेवटी निवेदकाने नाव सांगितले. पन्नालाल घोष तोवर हयात नव्हते, ती ध्वनिमुद्रिका होती. हातातला कप तसाच ठेवून आण्णा घरी आले आणि त्या रात्री ते भजनाला गेले नाहीत. हा प्रसंग आईने मला पुष्कळदा सांगितला आहे.

पन्नालालबाबूंचा जन्म जुलै १९११ मध्ये पूर्व बंगालातील बारिसाल या गावी झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे. त्यांचे पाळण्यातले नाव अमलज्योती, पण घरातले 'पन्नालाल' हे लाडके नावच पुढे जगाच्या तोंडी बसले. घर संगीताचे होते. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत, आई सुकुमारी गात असे. धाकटे बंधू निखिल घोष पुढे थोर तबलावादक झाले आणि त्यांनी १९५६ साली मुंबईत 'संगीत महाभारती' ही संस्था स्थापन केली. बारिसाल हा नद्यांचा, पाण्याचा मुलूख. लहान पन्नालालला नदीच्या पाण्यात वाहत आलेली एक बासरी सापडली आणि पुढे एका साधूने त्याला बासरीचाच मार्ग दाखविला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा तपासण्याचे कारण नाही. तिचा अर्थ इतकाच की, ज्या घरात सतार होती त्या घरातील मुलाने बासरी निवडली आणि लोकांना त्याचे नवल वाटले.

तरुणपणी ते काही केवळ संगीतात बुडालेले नव्हते. ते वंगभूमीतील स्वातंत्र्याच्या वाऱ्याचे दिवस होते. तालीम, लाठी, मुष्टियुद्ध यांत त्यांनी नाव मिळविले. चळवळीतील तरुणांशी त्यांचे संबंध आले आणि पुढे पोटासाठी ते कलकत्त्याला आले. बासरी वाजविणारा म्हणजे नाजूक प्रकृतीचा माणूस, अशी आपली कल्पना असते. पन्नालालबाबू तसे नव्हते. रुंद छातीचा हा पैलवान गडी होता. मला वाटते, पुढे त्यांनी जे केले त्याला त्या तालमीत कमावलेल्या छातीचा फार मोठा आधार झाला असावा.

कलकत्त्यात त्या वेळी बोलपट नुकताच बोलू लागला होता. न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेत रायचंद बोराल यांच्या हाताखाली पन्नालालबाबूंनी काम केले. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी प्रथम हार्मोनियमवादक खुशी महंमद खाँ यांच्याकडे घेतले आणि त्यांच्यानंतर गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे. बासरीवादकाचा पहिला गुरू हार्मोनियमवादक आणि दुसरा गायक, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बासरीचा गुरू त्यांना मिळणार तरी कोठून? हिंदुस्थानी पद्धतीत बासरीची घराणी सतार-सरोदांसारखी नांदत नव्हती. दक्षिणेत निराळी परिस्थिती होती. कुंभकोणमचे अंध वादक शरभ शास्त्री (१८७२-१९०४) यांनी तिकडे बासरी कचेरीत आणून बसविली होती. परंतु ती बासरी आखूड, आठ छिद्रांची आणि कर्नाटक संगीताच्या गमकांना सोयीची. आपल्याकडील ख्यालाचा संथ विस्तार, मंद्र सप्तकात सावकाश उतरणारी आलापी तिच्यात बसणारी नव्हती.

येथेच पन्नालालबाबूंपुढे खरा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न नीट समजला, तरच त्यांचे मोठेपण समजेल. म्हणून मी तो जरा विस्ताराने सांगतो.

बासरी म्हणजे एक पोकळ नळी. नळी जितकी आखूड तितका स्वर उंच, नळी जितकी लांब तितका स्वर खाली. स्वर एक सप्तक खाली हवा असेल, तर नळी जवळजवळ दुप्पट लांब करावी लागते. आता जत्रेतील बासरीवर बोटे सहज बसतात, कारण छिद्रे जवळजवळ असतात. नळी लांब केली की छिद्रेही त्याच प्रमाणात लांब जातात आणि आकाराने मोठी होतात. बोटांची टोके तेथे पोचत नाहीत, पोचली तरी छिद्र पुरते झाकत नाहीत. शिवाय नळीतील हवेचा स्तंभ मोठा झाल्याने दमही अधिक लागतो. म्हणजे खोल आवाज हवा, तर हात आणि छाती दोन्ही नव्याने तयार करायला हवीत.

युरोपात हाच प्रश्न एका जर्मन कारागिराने निराळ्या रीतीने सोडविला होता. थिओबाल्ड बोएम (१७९४-१८८१) याने छिद्रे नादशास्त्राला हवी तेथे पाडली आणि बोटांऐवजी त्यांच्यावर झाकणे व कळा बसविल्या. पुढे त्याने बासरी धातूची केली. वाद्यवृंदातील वादकांनी ती उचलली आणि जुन्या लाकडी बासऱ्या मागे पडल्या. त्या टाकून दिलेल्या लाकडी बासऱ्या आयर्लंडमधील साध्या माणसांच्या हाती गेल्या आणि त्यांनी आपल्या नाचांच्या चाली त्यांच्यावर वाजविल्या. आजही तिकडचे पारंपरिक वादक सहा छिद्रांची, थेट बोटांनी झाकायची लाकडी बासरीच पसंत करतात. तेही आपल्यासारखेच तिला तेल पाजतात आणि तडा जाईल म्हणून जिवापाड जपतात. दूरदेशीच्या त्या शेतकऱ्याचे आणि आपल्या धनगराचे हे नाते मला फार मौजेचे वाटते.

पण कळा बसविण्याचा मार्ग आपल्या संगीताला चालण्यासारखा नव्हता. कळ एक तर उघडी असते, नाही तर मिटलेली. आपली मींड या दोहोंच्या मधल्या जागेत जन्म घेते. बोट छिद्रावरून हळूहळू सरकते, छिद्र अर्धे, पाव, एक रेघभर उघडते आणि एक स्वर दुसऱ्या स्वरात विरघळतो. ते काम कातडीच्या बोटानेच व्हावे लागते. पन्नालालबाबूंनी धातूच्या, निरनिराळ्या लाकडांच्या नळ्या करून पाहिल्या. एका वृद्ध मुसलमान खेळणीवाल्याने, जो बासऱ्याही चांगल्या करीत असे, त्यांना या खटपटीत साहाय्य केल्याचे सांगतात. सगळे करून ते पुन्हा बांबूकडेच आले. अखेर त्यांनी बत्तीस इंच लांबीची, काळी दोनच्या षड्जाची बासरी सिद्ध केली. बत्तीस इंच म्हणजे आपल्या हाताच्या जवळजवळ पाऊणे दोन हातांची नळी. ती पेलण्यासाठी त्यांनी बोटे धरण्याची तऱ्हाच बदलली. टोकांऐवजी बोटांच्या मधल्या पेरांनी छिद्रे झाकायची, बोटे वाकवायची नाहीत, सपाट ठेवायची. लोकांना हे इतके अशक्य वाटले की, त्यांनी बोटांमधील कातडी शस्त्रक्रियेने कापून घेतली आहे अशी अफवा उठली होती! एखाद्याच्या कष्टांवर विश्वास ठेवण्यापेक्षा शस्त्रक्रियेवर विश्वास ठेवणे लोकांना सोपे जाते.

याहून सूक्ष्म काम म्हणजे सातवे छिद्र. आपल्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज वाजतो. सहाही झाकली की मंद्र पंचम आणि त्याच बोटांवर फुंक आवळली की मध्य पंचम. उलट सहाही मोकळी ठेवली की तीव्र मध्यम. म्हणजे तीव्र मध्यमावरून पंचमावर जायचे, तर सगळी बोटे उचललेली असतात ती एकदम सगळी टेकवावी लागतात. मग तेथे मींड कशी काढणार? आणि यमनात, पूरियाकल्याणात, श्रीरागात तीव्र मध्यम आणि पंचम यांचा संबंध तर रागाचा प्राण. पन्नालालबाबूंनी सहा छिद्रांच्या खाली करंगळीसाठी आणखी एक छिद्र पाडले. सहा झाकलेली असता ते मोकळे राहिले तर पंचम, करंगळीने झाकले तर तीव्र मध्यम. आता करंगळी नुसती सरकवली की मध्यम पंचमात मिसळू लागला. शिवाय मंद्र सप्तकात पंचमाखाली आणखी एक पायरी उतरता येऊ लागली. एवढेसे छिद्र, पण त्याच्यामागे रागाचे केवढे चिंतन आहे! त्याहीपेक्षा खोल आवाजासाठी त्यांनी बेचाळीस इंचांच्या आसपासची खर्जाची बासरीही वापरली.

१९३८ साली सराईकेलाच्या नृत्यपथकाबरोबर ते युरोपात जाऊन आले. १९४० मध्ये ते मुंबईला आले आणि पुढील सोळा वर्षे मुंबईच त्यांची कर्मभूमी झाली. 'स्नेहबंधन' (१९४०) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत' (१९४२) या गाजलेल्या चित्रपटावर संगीतकार म्हणून त्यांचेच नाव आहे. त्यांचे मेहुणे अनिल विश्वास यांचाही त्या संगीतात मोठा वाटा होता, असे जाणकार सांगतात. पत्नी पारुल घोष या अनिल विश्वासांच्या भगिनी. 'बसंत' आणि 'किस्मत' मधील त्यांची गाणी त्या काळी घरोघर पोचली होती. चित्रपटात पैसा होता, नाव होते. पन्नालालबाबूंचे मन मात्र तेथे पुरते रमले नाही, हे त्यांच्या पुढील वागण्यावरून उघड होते.

१९४७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बासरीवादक म्हणून देशभर नाव झालेले असताना, ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. आपण एखादी पदवी मिळविली की पुस्तक मिटतो. या माणसाने कीर्तीच्या शिखरावर असताना पाटी पुन्हा कोरी केली आणि दुसऱ्याच्या पायाशी जाऊन बसला. आयुष्यभर उराशी बाळगलेली गुरूची भूक छत्तिसाव्या वर्षी शमली. त्यानंतरचे त्यांचे वादन अधिक गंभीर, अधिक अंतर्मुख झाले, असे जुने रसिक म्हणत. दरबारी, श्री, मारवा, यमन हे त्यांचे राग ध्वनिमुद्रिकांवर आपल्याला आजही ऐकायला मिळतात. दीपावली, चंद्रमौली, पुष्पचंद्रिका, नूपुरध्वनी हे नवे राग त्यांनी बांधले. वृत्तीने ते धार्मिक होते आणि रामकृष्ण परमहंसांच्या परंपरेवर त्यांची निष्ठा होती.

१९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले. त्या काळी माहिती व नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकर या मराठी माणसाकडे होते आणि शास्त्रीय संगीत रेडिओवरून खेड्यापाड्यांत नेण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. पन्नालालबाबूंनी वाद्यवृंदासाठी 'कलिंगविजय', 'ऋतुराज' यांसारख्या रचना केल्या. परंतु ही कामगिरी त्यांना फार वर्षे करता आली नाही. २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मुष्टियुद्धात कमावलेली ती छाती अशी अवेळी थांबली.

आता आमच्या घरची गोष्ट. तो मारवा ऐकल्यानंतर आण्णांनी मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरकडे पैसे दिले आणि लांब बासरी मागविली. ती आली तेव्हा आईने कपाळाला हात लावला, कारण किराण्याची उधारी बाकी होती. आमच्याकडच्या कळकाची वा मेसकाठीची अशी बासरी होत नाही. आपल्या बांबूचे पेर आखूड आणि भिंत जाड. लांब बासरीला हात-सव्वा हाताचे नव्हे, त्याहून मोठे, पातळ भिंतीचे, सरळ पेर लागते आणि असा बांबू आसामकडून येतो. आण्णा गमतीने म्हणत की, वेणुग्रामच्या माणसाला वेणू आसामातून आणावी लागते.

ती बासरी कशी सांभाळायची, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने शिकून घेतले आणि मला शिकविले. बांबू तोडल्यावरही मरत नाही, तो हवेबरोबर फुगतो आणि आक्रसतो. आषाढ-श्रावणात बेळगावकडे पाऊस कोसळतो, तेव्हा तो ओल शोषून घेतो आणि आत बुरशी धरतो. मार्च-एप्रिलात निपाणीचे कोरडे ऊन लागले की तो आटतो आणि एका रात्रीत उभा तडकतो. म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी आतून तेल द्यायचे. बंगालात मोहरीचे देतात, आमच्याकडे तिळाचे. काठीला मऊ मलमल गुंडाळायची, तेलात भिजवून पिळायची आणि नळीतून हलक्या हाताने फिरवायची. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या कापडाने पुसायचे. तेल छिद्रांच्या कडांवर साचू द्यायचे नाही, नाही तर फुंक फाटते. वाजवून झाले की आतला दमटपणा टिपून घेतल्याशिवाय बासरी पिशवीत घालायची नाही, आणि पिशवी सुती हवी, प्लॅस्टिकची नको. बासरीखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली की भुंगा लागला समजायचे. आणि वाजविण्यापूर्वी थोडा वेळ फुंकून तिला ऊब द्यायची. थंड बासरी उतरलेली असते, आतली हवा तापली की स्वर चढतो. म्हणून तंबोरा आधी लावून ठेवायचा नाही, बासरी तापल्यावर लावायचा.

एवढे जपूनही एका चैत्रात ती तडकली. वरच्या टोकापासून पहिल्या छिद्राजवळ केसाएवढी रेघ. आण्णा रागावले नाहीत. त्यांनी शेंगदाण्याएवढी लाख वितळवून रेघेत भरली, मेण लावलेला दोरा वेढ्याला वेढा लावून घट्ट आवळला. मग सगळी छिद्रे आणि खालचे तोंड झाकून हवा ओढून पाहिली. ओठ तोंडाच्या छिद्राला चिकटून राहिले, तेव्हा कोठे ते हसले. हवा कोठूनही निसटत नव्हती.

बासरीचा तडा त्यांना बुजविता आला. स्वतःच्या छातीचा बुजविता आला नाही. वखारीत तंबाखू चाळताना जो खकाणा उडतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी काय सांगणार? नवा माणूस दारात उभा राहिला तरी ठसके लागतात. आण्णांनी तेथे अठ्ठावीस वर्षे काढली. तोंडाला बांधायला फडक्यापलीकडे काही नसे. आधी मोठी आलापी तुटू लागली, मग मंद्र पंचम थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितले की काम सोडा. आण्णांनी घरी येऊन हिशेब केला. आम्ही तीन भावंडे शिकत होतो, मी याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो. काम सुटण्यासारखे नव्हते. त्यांनी बासरी सोडली. एका रविवारी तिला तेल देऊन, पुसून, पिशवीत घालून त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी त्या वेळी ती नीट वाजवूही शकत नव्हतो. माझी बोटे पोचत नसत, षड्जाऐवजी नुसता वारा निघे. महाविद्यालयात कानडी शिकविणारे एक सर होते. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि पन्नालालबाबूंची तबकडी होती. ते मला मधल्या सुट्टीत घरी नेत, यमन ऐकवीत आणि मोडक्या मराठीत विचारत की करंगळीने काय झाले ते ऐकू आले का. मी मोडक्या कानडीत नाही म्हणत असे. मग सुई पुन्हा मागे जाई. बाहेर सीमाप्रश्नाच्या सभा चालू असत आणि आत आम्ही दोघे एका बंगाली माणसाच्या करंगळीचा शोध घेत बसलेले असू. मला ती करंगळी ऐकू आली तेव्हा मी तृतीय वर्षाला होतो.

पन्नालालबाबूंचे कार्य त्यांच्याबरोबर संपले नाही. त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर (१९२३-२०००) यांनी सात छिद्रांची बासरी आणि त्यांची गायकी पुढे चालविली. मुर्डेश्वरांचा जन्म आपल्या आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीचा, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. रघुनाथ सेठ, व्ही. जी. कर्नाड हेही त्यांच्याकडे शिकले. मुर्डेश्वरांचे शिष्य नित्यानंद हळदीपूर यांनी ती परंपरा आणखी पुढे नेली. पं. हरिप्रसाद चौरसिया त्यांचे शिष्य नव्हेत आणि त्यांच्या बासरीला सातवे छिद्रही नाही. परंतु लांब बासरी घेऊन एकट्याने मैफलीत बसण्याची जी वाट आज राजमार्ग झाली आहे, ती प्रथम पन्नालालबाबूंनी तुडविली. आज मैफलीत बासरीवादक मध्यभागी बसतो आणि कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. मोठ्या माणसाच्या कार्याची हीच खूण असावी. त्याने जे अशक्य होते ते केले हेच लोक विसरून जातात.

मी पुष्कळदा या दोघांचा एकत्र विचार करतो. एकाने आयुष्यभर बासरीसाठी दम कमावला. दुसऱ्याने तोच दम रोजंदारीवर विकला, कारण घरात खाणारी तोंडे होती. जगाने पहिल्याला ओळखले ते योग्यच झाले. परंतु पन्नालालबाबूंचा मारवा निपाणीच्या एका हमालाच्या कानात शिरला नसता, तर तो कोणासाठी वाजला, असे मला विचारावेसे वाटते. धनगराच्या हातातली बासरी त्यांनी मैफलीत नेली, आणि रेडिओने ती पुन्हा कष्टकऱ्याच्या दारी आणून सोडली. तिचा फेरा असा पूर्ण झाला.

आण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. बासरी माझ्याकडे आहे. तिच्यावर आता तीन ठिकाणी दोरे आहेत, दोन त्यांचे आणि एक माझा. दर फाल्गुनात मी तिला तेल देतो, सगळी छिद्रे झाकून हवा ओढून पाहतो. विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कोणाला शिकायची इच्छा असेल तर घरी या. बासरीला फार पैसे लागत नाहीत. सुदृढ छाती, धीर आणि तेलाचे थोडे थेंब पुरतात. यांतील पहिली गोष्ट मात्र तंबाखूपासून दूर ठेवा, एवढे निपाणीचा माणूस म्हणून सांगतो.